ठसा आणि झिलई : डोरोथी लार्चर व कॅथरीन प्लेडेल-बूव्हरी यांच्या कामाच्या निमित्ताने

मृत्पात्र आणि छापील वस्त्र शेजारी-शेजारी मांडण्याची पद्धत कलादालनांत आता रूढ झाली आहे. अशा मांडणीची समीक्षा मात्र बहुधा एकाच निरीक्षणापाशी थांबते. भांड्यावरचे पान आणि कापडावरचे पान सारखे दिसले की दोन्हींचे नाते सिद्ध झाले, असे मानले जाते. हे गृहीतक तपासण्यासाठी प्रस्तुत लेखात दोन इंग्रज कलावतींच्या कामाचा विचार केला आहे. इतक्या दूरची उदाहरणे कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे; परंतु त्यांपैकी एकीची वाट मराठवाड्यातून गेलेली आहे.

१९०९ ते १९११ या काळात क्रिस्तियाना हेरिंगहॅम यांनी तत्कालीन निजाम राज्यातील अजिंठा येथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. त्या मोहिमेतील नंदलाल बोस आणि असितकुमार हलदार यांची नावे आपल्या अभ्यासक्रमांत येतात. डोरोथी लार्चर यांचे नाव येत नाही. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात त्या भारतातच राहिल्या आणि येथील ठसेछपाईचा त्यांनी जवळून परिचय करून घेतला. इंग्लंडला परतल्यावर १९२० च्या दशकात फिलिस बॅरन यांच्यासह त्यांनी लाकडी ठशांनी कापड छापण्याचा उद्योग चालवला. कॅथरीन प्लेडेल-बूव्हरी (१८९५-१९८५) या बर्नार्ड लीच यांच्या शिष्या. कोलशिल येथे त्या लाकडाच्या भट्टीत भांडी भाजत आणि झाडाझुडपांच्या राखेपासून झिलई तयार करीत. म्यूरियल रोझ यांनी १९२८ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेल्या ‘लिट्ल गॅलरी’त असे कापड आणि अशी मृत्पात्रे एकाच छताखाली पाहावयास मिळत.

‘अजिंठ्याचा प्रभाव’ शोधणाऱ्या अभ्यासकाची येथे निराशा होते. लार्चर यांच्या कापडावर पद्मपाणी नाही, हंसांची रांग नाही. आहेत ती बहुतांशी पाने, फुले, डहाळ्या. प्लेडेल-बूव्हरी यांच्या पुष्कळशा भांड्यांवर तर नक्षीच नाही. मग हे दोन्ही एकत्र का शोभावे?

याच्या उलट उदाहरण मुंबईचे आहे. जॉन ग्रिफिथ्स यांनी सर ज. जी. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांकडून १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या प्रतिकृती करून घेतल्या. त्याच शाळेत जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी कुंभकामाचा विभाग उभारला होता. गुंफांतील नक्षी तेथे फुलदाण्यांवर आणि तबकांवर उतरली. ती सुबक आहे, रेखाटन सफाईदार आहे. तरीही ही भांडी चित्र काढण्यासाठी सापडलेल्या गोल भिंतीसारखी वाटतात. नक्षी काढून घेतली तर भांड्याजवळ स्वतःचे म्हणावे असे थोडेच उरते. नक्षीचे साम्य हे नात्याचे गमक मानले, तर अजिंठ्याशी सर्वांत जवळचे नाते या फुलदाण्यांचे ठरेल. प्रस्तुत लेखकाला हा निष्कर्ष मान्य होण्यासारखा वाटत नाही.

लार्चर आणि प्लेडेल-बूव्हरी यांच्या कामातील दुवा द्रव्यात आणि प्रक्रियेत आहे. बॅरन-लार्चर यांचे रंग म्हणजे नीळ, मंजिष्ठ, काथ आणि लोह. यांपैकी काथ तर आपल्या पानाच्या डब्यातला. लोहाचे क्षार टॅनिनशी संयोग पावले की कापडावर काळा रंग उमटतो. आपल्याकडील छिपी हेच गंजलेले लोखंड व गूळ आंबवून आणि कापडाला हिरड्याचे पाणी देऊन साधतात. तेच लोह झिलईत अल्प प्रमाणात असले आणि भट्टीत हवा कोंडली तर हिरवट-करडी छटा येते; हवा मोकळी राहिली तर पिवळसर किंवा तपकिरी. म्हणजे कापडावरील काळा आणि वाडग्यावरील करडा ही एकाच धातूची दोन रूपे होत. शिवाय दोन्हीकडे कलावंताची सत्ता अपुरी असते. ठसा कोठे भरून उमटतो, कोठे विरळ. राख कोणत्या झाडाची यावर झिलईचा पोत बदलतो. ही अनिश्चितता दोघींनी दोष म्हणून पुसून टाकली नाही. त्यांच्या वस्तू शेजारी ठेवल्यावर जो मेळ जाणवतो तो याचा आहे, असे म्हणावे लागेल.

या मुद्द्याला पारखण्याची कसोटी आपल्याच परंपरेत आहे. तेरचे गोरोबाकाका कुंभार. नरसीचे नामदेव शिंपी. (नरसी १९९९ पर्यंत आपल्याच परभणी जिल्ह्यात होते, आता ते हिंगोलीत आहे.) उत्तरेकडील कापड छापणारे छिपी नामदेवांना आपलेच मानतात, ही गोष्ट मराठी वाचकाच्या फारशी ध्यानात येत नाही. गोरोबांनी थापटण्याने संतांची मस्तके पारखली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ही कथा आपण अध्यात्माच्या अंगाने वाचतो. ती कारागिराची समीक्षाही आहे. मडके भाजले की नाही हे रंगरूपावरून ठरत नाही, ठोकल्यावर येणाऱ्या नादावरून ठरते. कापडाचा रंग पक्का की कच्चा, हे धुतल्यावर कळते. नजरेने होणारी परीक्षा दोन्हीकडे अपुरी पडते, आणि नक्षीवर थांबणारी समीक्षा नेमकी तेवढीच परीक्षा करते.

या दोघींच्या कामाला मर्यादा नाहीत असे नाही. दैनंदिन वापराच्या वस्तूंचा हा आग्रह संपन्न ग्राहकांच्या आधारावर उभा होता. वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकच्या ‘फ्लाइंग क्लाउड’ या नौकेसाठी बॅरन-लार्चर यांनी कापड छापले. परभणीच्या बाजारात माठ घेणारी स्त्री त्याला टिचकी मारून पाहते, तेव्हा तिच्यापुढे सौंदर्याचा प्रश्न पाणी गार होईल का या प्रश्नाबरोबरच असतो. लंडनच्या दालनात तो वेगळा काढता येत होता. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. ज्या भारतीय छिप्यांच्या कामावरून लार्चर शिकल्या, त्यांची नावे या इतिहासात ऐकू येत नाहीत. बॅरन-लार्चर यांचे कापडाचे नमुने आणि कागदपत्रे इंग्लंडमधील फार्नहॅम येथील क्राफ्ट्स स्टडी सेंटरमध्ये जतन केलेली आहेत. आजवर ती इंग्रजी हस्तकलेच्या इतिहासासाठी वाचली गेली. येथील छपाईची ठिकाणे, द्रव्ये आणि माणसे यांच्या शोधासाठी ती एखाद्या मराठी अभ्यासकाने वाचावयास हवीत.