स्टबी घरी आला, कारण तो कागदावर नव्हता

‘सार्जंट स्टबी: अ‍ॅन अमेरिकन हिरो’ (2018) हा अ‍ॅनिमेशनपट पहिल्यांदा भाच्यासोबत पाहिला, तेव्हा खरं सांगायचं तर मीही डोळे पुसले. दुसऱ्यांदा वही घेऊन बसले. युद्धातले प्राणी हाच पीएचडीचा विषय असला की एवढं करावंच लागतं.

गोष्ट खरी आहे. 1917 साली अमेरिकेत न्यू हेवनला, येल विद्यापीठाच्या आवारात 102वी इन्फंट्री सराव करत होती. तिथे एक आखूड शेपटीचं भटकं कुत्रं येऊ लागलं. रॉबर्ट कॉनरॉय या शिपायाला त्याचा लळा लागला आणि त्याने ते चक्क लपवून फ्रान्सला नेलं. पुढे खंदक, विषारी वायू, जखमा आणि मायदेशी सत्कार.

चित्रपटाची एक गोष्ट मनापासून आवडली: यातला कुत्रा बोलत नाही. कान टवकारणं, हुंगणं, एकदम थबकणं, एवढ्यावरच तो उभा केलाय. वायूचा वास त्याला आधी येतो आणि माणसं वाचतात, या प्रसंगात दोघांमधलं नातं नेमकं कळतं. तिथे प्रेम आहेच, पण गरजही आहे. खंदकात झोपलेल्या माणसाला आपल्यापेक्षा तिखट नाक असलेला कुणीतरी शेजारी हवा असतो.

खटकतं ते शीर्षक. ‘सार्जंट’ हा हुद्दा स्टबीला सैन्याने रीतसर दिल्याचा कागद सापडत नाही. आता तुम्ही म्हणाल, मुलांच्या सिनेमात कागद कशाला शोधायचे? मला वाटतं, इथेच सगळी मेख आहे. स्टबी सैन्याचा नव्हताच, तो कॉनरॉयचा होता. म्हणून तर कॉनरॉय त्याला घरी आणू शकला. 1926 साली स्टबी गेल्यावर त्याने त्याचं कातडं जतन करून घेतलं, त्याच्यावरच्या कात्रणांची वही जपली आणि 1956 साली स्टबी स्मिथसोनियन संस्थेकडे सोपवला. तीस वर्षं! ‘अमेरिकन हिरो’ या शब्दांत हा एकटा माणूस झाकला जातो.

आता व्हिएतनाम बघा. तिथे सुमारे 4,000 कुत्रे रीतसर सैन्याचे होते. कानात क्रमांक गोंदलेला, प्रशिक्षण झालेलं, सोबतीला नेमून दिलेला हँडलर. पण हिशेबाच्या वहीत ते ‘साधनसामग्री’. सैन्य परतलं तेव्हा परत आलेल्या कुत्र्यांची संख्या काही शेकड्यांच्या पुढे गेली नाही. बाकीचे, युद्धात मेले ते सोडून, दक्षिण व्हिएतनामी सैन्याला दिले गेले किंवा इंजेक्शन देऊन मारले गेले. हँडलरला विचारायचा प्रश्नच नव्हता, सरकारी रायफल कुणी घरी नेतं का? निवृत्त कुत्रा दत्तक घेता यावा यासाठी कायदा झाला तो थेट 2000 साली.

म्हणजे ज्या कुत्र्याला हुद्दाच नव्हता तो आज संग्रहालयात आहे, आणि ज्यांना क्रमांक होते ते मागे राहिले. स्टबीला मागाहून सार्जंट करून टाकलं की हा विरोधाभासच पुसला जातो. सैन्याने आपल्या कुत्र्याचा नेहमी मानच राखला, असं वाटू लागतं. चित्रपटाने मुद्दाम तसं केलं असं मी म्हणणार नाही, पण भाच्याने नेमकं तेच विचारलं: “मग सगळ्याच कुत्र्यांना मेडल मिळालं का गं, मावशी?”