चिऊचं दार

गेल्या व्याख्यानानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. रस्त्यावर अपघात झाला की माणसं मदतीला धावण्याआधी मोबाइल का काढतात? आणि तो व्हिडिओ आपण घरबसल्या शेवटपर्यंत का बघतो? प्रश्नाबरोबर उत्तरही आलं होतं. हल्लीची मुलं लहानपणापासून मारधाडीचे गेम खेळतात, कार्टून बघतात, म्हणून. मला हे उत्तर अपुरं वाटतं. का, ते सांगतो.

एक तर हे आकर्षण फार जुनं आहे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये, चौथ्या भागात, लिओंटियस नावाच्या माणसाची हकिगत येते. तो पिरीअस बंदराकडून अथेन्सला निघालाय. वाटेत मृत्युदंड दिलेल्यांची प्रेतं पडलेली दिसतात. बघावंसं वाटतं आणि किळसही येते. तो तोंड झाकतो, स्वतःशी झगडतो, आणि शेवटी डोळे फाडून प्रेतांकडे धावतो. वर स्वतःच्याच डोळ्यांना शिव्या घालतो. आता या लिओंटियसने कुठलं कार्टून पाहिलं होतं?

प्लेटोचा उपाय मात्र आपल्यासारखाच होता. मुलांना सांगायच्या गोष्टी आधी चाळून घ्या, असं तो याच ग्रंथात म्हणतो. ही चाळणी पुढे अनेकांनी लावली. ग्रिम बंधूंच्या परीकथांच्या 1812च्या पहिल्या आवृत्तीत मुलं खाटीक-खाटीक खेळतात आणि खरोखरच एकाचा जीव जातो, अशी एक कथा होती. 1819च्या आवृत्तीत ती गाळली. गोष्टी चाळून झाल्या, पण बघण्याची ओढ काही आटली नाही. म्हणून मी म्हणतो, गोष्टीत रक्त किती आहे हे मोजण्यापेक्षा ती ऐकताना मूल कुठे बसलेलं असतं, ते बघा.

आपलीच गोष्ट घेऊ. चिऊचं घर मेणाचं, काऊचं शेणाचं. ही गोष्ट न ऐकलेला मराठी माणूस विरळा. हिच्यात रक्ताचा थेंब नाही. पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं, तो भिजत चिऊच्या दाराशी येतो. आत चिऊ बाळाचं एकेक काम काढत राहते आणि दार उघडत नाही. प्रत्येक नव्या कामाला मूल खुदकन हसतं. पुढे काऊला आत घेतात, आणि बऱ्याच घरांतल्या गोष्टीत त्याला चटका बसतो. मूल पुन्हा हसतं.

हे मूल दुष्ट असतं का? मुळीच नाही. ते आजीच्या कुशीत, गोधडीत असतं. गोष्ट त्याला दाराच्या आत, चिऊच्या बाळाशेजारी बसवते. बाहेरच्या पावसामुळे आतली ऊब वाढते. रोमन कवी लुक्रेशियसने हेच समुद्राबाबत सांगितलंय. वादळात सापडलेलं जहाज किनाऱ्यावरून बघायला बरं वाटतं. त्याचं म्हणणं असं, की दुसऱ्याच्या हालांत आपल्याला गोडी नसते, आपण त्यातून सुटलेले आहोत या जाणिवेत असते. माझ्या मते या आकर्षणाचं मूळ इथे आहे, क्रौर्यात नाही. आणि ते आपल्या प्रेमळ घरांतच रुजतं, म्हणून दिसत नाही.

आता कुणी म्हणेल, मग करुण वाङ्मय द्या मुलांना! ‘श्यामची आई’ द्या. जरूर द्या. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 1933च्या फेब्रुवारीत लिहिलेलं, 1935 साली आलेलं हे पुस्तक. अत्र्यांचा चित्रपट 1953चा. त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. पण आपण त्यातून काय घेतलं? रडणं. पुस्तक वाचून किती रडलो, चित्रपटाला किती रुमाल भिजले, हे आपण कौतुकाने सांगतो. आणि रडणंसुद्धा दाराच्या आत बसून करता येतं, हे विसरतो. आपण रडलो म्हणजे आपण चांगले, एवढं समाधान पदरात पडतं आणि काऊ बाहेरच राहतो.

पुस्तक मात्र इथे थांबत नाही. त्यात एका म्हाताऱ्या महार बाईची लाकडांची मोळी पडते. ती कुणी उचलून देत नाही. श्यामची आई मुलाला बाहेर पाठवते, मोळी उचलून दे म्हणते, आणि आल्यावर आंघोळ करायलाही सांगते. ती आंघोळ आज खटकते, खटकलीच पाहिजे. दार उघडलं पण उंबरा तसाच राहिला. तरीही मूल उठून बाहेर गेलं, हा फरक मोठा आहे. आपल्याला आईचं आजारपण लक्षात राहिलं, मोळी राहिली नाही. हा आपल्या वाचनाचा दोष म्हणायला हवा.

आपल्या रसशास्त्राचाही इथे दाखला देतात. शोकातून करुण रस होतो, तो आस्वाद्य असतो, मग बघण्यात वावगं काय? पण भट्टनायकाने मांडलेली आणि अभिनवगुप्ताने पुढे नेलेली साधारणीकरणाची कल्पना नीट बघा. रंगभूमीवरचा शोक ‘अमुक एका माणसाचा’ राहत नाही, म्हणून आस्वाद शक्य होतो. रस्त्यावर पडलेला माणूस अमुक एकच असतो. त्याला नाव असतं, घरी कुणी वाट बघत असतं. त्याचं साधारणीकरण करणं म्हणजे जिवंत माणसाला पात्र करून टाकणं. मोबाइलचा पडदा हे काम फार सहज करतो. रंगमंच आणि रस्ता दोन्ही एकाच चौकटीत, एकाच आकाराचे दिसतात. तंत्रज्ञानाचा दोष आहे तो एवढाच, पण तो लहान नाही.

2019च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण मिळालं. चांगलं झालं. पण कायदा भीती घालवील, सवय नाही. ती घरीच मोडावी लागेल, आणि त्यासाठी चिऊकाऊची गोष्ट बंद करायची गरज नाही. सांगा, पण मध्ये एकदा थांबा आणि विचारा, बाहेर काऊला थंडी वाजत असेल का रे? आपण असतो तर दार कधी उघडलं असतं? उत्तर सुचवू नका. मूल गप्प बसलं तर बसू द्या.

पुढच्या वेळी दया आणि करुणा यांतल्या फरकाकडे वळू. तोवर तुमचे आक्षेप जरूर कळवा.