खुर्ची वरून येते तेव्हा

सिद्धेश्वरकरांना सांगायला नको, आपल्या धरणात वरच्या येलदरीतून पाणी येतं. ग्रामीण बँकेतलं नेतृत्वही असंच वरून येतं.

1976 च्या कायद्यानुसार प्रादेशिक ग्रामीण बँकेचा अध्यक्ष पुरस्कर्ती बँक नेमते, एका वेळी जास्तीत जास्त 5 वर्षांसाठी. महाराष्ट्र ग्रामीण बँकेची पुरस्कर्ती बँक ऑफ महाराष्ट्र. त्यामुळे अध्यक्ष बहुधा तिथलाच अधिकारी, प्रतिनियुक्तीवर आलेला. मग खेड्यातल्या शाखेत उभी हयात पीककर्जं वाटणाऱ्या माणसाची शिडी शेवटच्या पायरीआधीच संपते. त्याने जीव ओतून काम का करावं?

आता दुसरं टोक बघा. खासगी एचडीएफसी बँकेत आदित्य पुरी 1994 पासून प्रमुख होते. 2020 मध्ये ते निवृत्त झाले आणि जागा मिळाली शशिधर जगदीशन यांना. ते 1996 पासून त्याच बँकेत होते. आतला माणूस वर गेला की खालच्याला वाटतं, आपलंही काम कुणीतरी पाहतंय.

वरून माणूस पाठवण्यामागे देखरेखीचं कारण आहे, मान्य. पण 1 मे 2025 ला विदर्भ कोकण ग्रामीण बँक या बँकेत विलीन झाली. बँक राज्यभर पसरली, अध्यक्ष नेमण्याची रीत मात्र तीच राहिली. माझा आक्षेप इथे आहे. अध्यक्ष वरून येऊ द्या, पण पुढचा वारस घरातही घडवा, आणि ती निवड सगळ्यांना दिसू द्या. नाहीतर माणसं नोकरी करतील, बँकेला आपली म्हणणार नाहीत.