‘गुलामगिरी’तील अमेरिका

जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सदाचारी लोकांस अर्पण केलेला आहे, ह्या गोष्टीचा गौरवाने उल्लेख होतो; तीतील अंतर्विरोधाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. सातारा जिल्ह्यातील कटगुण हे ज्यांच्या घराण्याचे मूळ गाव, त्या पुण्याच्या लेखकास सातासमुद्रापलीकडील दास्यविमोचनात शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीचा आदर्श दिसावा, हे त्यांच्या विशाल दृष्टीचे गमक होय. पण उपमेची कसोटी निराळी असते.

ग्रंथात अमेरिका दोन रूपांनी येते. अर्पणपत्रिकेत ती मुक्तिदात्री आहे. इंग्रजी प्रस्तावनेत, युरोपीय वसाहतवाल्यांनी तेथील मूळ रहिवाशांवर केलेल्या क्रौर्याची आर्यांच्या कथित स्वारीशी तुलना करताना, तीच अपहारकर्ती ठरते. ह्या दोहोंचा सांधा जोतीराव जुळवीत नाहीत. तो जुळविणे सोपेही नव्हते. १७८७ च्या वटहुकुमाने ओहायो नदीच्या उत्तरेस गुलामीला बंदी केली, परंतु ती भूमी मूळ रहिवाशांची होती. आणि त्याच प्रदेशातून निर्माण झालेल्या इंडियाना संस्थानाने १८५१ च्या घटनेत कृष्णवर्णीयांना येऊन राहण्यासच मनाई केली. कॅन्ससमध्ये गुलामीविरुद्ध झगडणाऱ्या अनेकांना हवी होती ती गोऱ्या शेतकऱ्यांसाठी मोकळी जमीन. गुलामीचा विरोध म्हणजे वर्णसमतेचा पुरस्कार नव्हे. अर्पणपत्रिका हा भेद करीत नाही.

तीत मुक्तीचे कर्तृत्वही एकाच बाजूस जाते. दास्यातून स्वतः निसटलेला फ्रेडरिक डग्लस, यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेले सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक, ह्यांना तेथे जागा नाही. ग्रंथाचा गाभा मात्र वेगळे बोलतो. धोंडीबा विचारतो, जोतीबा उत्तर देतो, आणि जागा व्हावयाचा आहे तो धोंडीबाच. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला स्थापन झालेला सत्यशोधक समाज ह्या संवादाशी जवळचा आहे, अर्पणपत्रिकेशी तितका नाही. पुढे १९१९ ते १९२१ ह्या काळात सातारा जिल्ह्यात (आजच्या सांगलीचा बराच भाग तेव्हा त्यातच मोडे) सत्यशोधकी प्रेरणेने कुळे ब्राह्मण जमीनदारांविरुद्ध उठली, ती कोणा परोपकारी त्रयस्थाची वाट न पाहता.

आणखी एक प्रश्न उरतो. पेशवाईत कुणबिणींची प्रत्यक्ष खरेदीविक्री होत असे. दास्याचा कायदेशीर आधार कंपनीच्या मुलखात गेला तो १८४३ च्या कायद्याने. जोतीरावांचा ‘गुलाम’ हा असा विकला जाणारा मनुष्य नव्हे. तो धर्मग्रंथांनी मनाने जखडलेला शूद्र आहे. अमेरिकेची तुलना येथे ताणली जाते खरी, परंतु कायद्याच्या एका कलमाने न सुटणाऱ्या दास्यास मराठीत नाव मिळाले ते ह्या ताणामुळेच.