'तारे जमीन पर' आणि घरातले चक्र

मालेगाव हे यंत्रमागांचे गाव, तसेच सिनेमावेडेही. २००० साली 'मालेगाव के शोले' हा घरचा चित्रपट काढणाऱ्या गावात पालकसभेसाठी चित्रपटाइतके सोयीचे साधन दुसरे नाही. अशा वेळी 'तारे जमीन पर' (२००७) चटकन आठवतो.

ईशानच्या डिस्लेक्सियाचे चित्रण आम्हाला आजही मोलाचे वाटते. परंतु अतिचंचल, अवधान न टिकणाऱ्या, म्हणजे ए.डी.एच.डी. असलेल्या मुलाच्या पालकांना तो दाखवताना सावध राहायला हवे. या दोन अडचणी वेगळ्या आहेत, जरी त्या पुष्कळदा एकाच मुलात आढळतात.

चित्रपटात वडील संतापतात, मुलाला वसतिशाळेत धाडतात. आई हतबल होते. मग निकुंभ सर येतात आणि मूल फुलते. थोडक्यात, घर दोषी आणि शिक्षक तारणहार! घरातली रोजची वागणूक कशी बदलावी, हे कळत नाही.

रसेल बार्कली आणि चार्ल्स कनिंगहॅम यांचा १९७९ सालचा प्रयोग पाहा. अतिचंचल मुलांना त्यांनी काही काळ मेथिलफेनिडेट हे औषध दिले, तर काही काळ औषध नसलेली गोळी. कोणती कधी, हे आयांना ठाऊक नव्हते. औषधाच्या काळात मुले अधिक ऐकू लागली, तशी आयांची हुकूमबाजीही कमी झाली. म्हणजे दटावणी हा बऱ्याच अंशी मुलाच्या वागण्याचा परिणाम होता. अर्थात सततच्या दटावणीने मूल आणखी हट्टाला पेटते, आणि चक्र फिरतच राहते.

शिवाय जुळ्यांच्या अभ्यासांतून या विकारात आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के असल्याचे दिसते. तेव्हा संतापणारा बापही लहानपणी असाच असू शकेल. रातपाळी करून आलेल्या अशा माणसाला सभेत अपराधी ठरवून काय साधणार?

त्याऐवजी त्याला करता येईल असे काही सांगू या. एका वेळी एकच सूचना, तीही मुलाजवळ जाऊन. ऐकले की लगेच शाबासकी. झोपेच्या आणि अभ्यासाच्या वेळा ठरलेल्या. पालकांना असे प्रशिक्षण दिल्याचा उपयोग होतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

निदान मात्र डॉक्टरांनीच करायचे. त्यासाठी लक्षणे घरी आणि शाळेत, अशी किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. म्हणून शिक्षकाचे निरीक्षण हवे आणि पालकाचेही. चित्रपट जरूर दाखवा. पण तो संपल्यावर पालकांना आधी बोलू द्या.