प्राणवायू, अम्लजन आणि केंद्र

रेल्वेच्या सिग्नलला ‘अग्निरथगमनागमनसूचकताम्रहरितलोहपट्टिका’ म्हणायचे आणि नेकटायला ‘कंठलंगोट’, हा विनोद मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. हसू संस्कृतला येते. चूक मात्र संस्कृतची नाही. नाव ठेवताना ही भाषा वस्तूचा एखादाच गुण उचलते. सोंड हाच हात, म्हणून हत्ती ‘हस्तिन्’. सोंडेने आणि तोंडाने असे दोनदा पितो, म्हणून ‘द्विप’. झाड मुळांनी पिते, म्हणून ‘पादप’. बाकीचे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचे. पट्टीचा रंग, धातू आणि कामगिरी एकाच समासात कोंबणारा नाव ठेवत नाही, पंचनामा करतो.

पण ही झाली थट्टेची गोष्ट. गंभीरपणे केलेले भाषांतर कुठे फसते, हे ‘ऑक्सिजन’वरून दिसते. अठराव्या शतकाच्या अखेरीस लाव्हाझिएने हे नाव ग्रीकवरून घडवले. अर्थ, आम्ल उत्पन्न करणारा. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, अशी त्याची समजूत होती. 1810 मध्ये हम्फ्री डेव्हीने क्लोरीन हे मूलद्रव्य ठरवले, आणि मिठापासून काढलेल्या आम्लात ऑक्सिजन नसतो हे मान्य करावे लागले. नाव तरी टिकले, कारण इंग्रजी शाळेतल्या मुलाला त्यातले ग्रीक ऐकूच येत नाही. ‘अम्लजन’ करणाऱ्याने अवयवास अवयव चोख जुळवला. आपल्या मुलाला मात्र त्यात ‘अम्ल’ स्वच्छ ऐकू येते, आणि फ्रान्समध्ये झालेली चूक तो रोज नव्याने शिकतो.

‘प्राणवायू’ शब्दाची फोड करीत बसला नाही; त्याने वायूचे काम पाहिले. मी त्याच्याच बाजूचा. तरी त्याचीही किंमत आहे. पंचप्राणांतल्या पहिल्याचे नाव त्याने घेतले, आणि आता योगावरच्या ग्रंथात ते भेटले की विद्यार्थ्यापुढे रुग्णालयातले सिलिंडर उभे राहते.

डॉ. रघुवीरांची भिस्त धातू, प्रत्यय आणि 22 उपसर्गांवर होती. ती अगदीच अस्थानी नव्हती. ‘विधी’, ‘विधेयक’, ‘विधिमंडळ’, ‘संविधान’ ही ‘धा’ धातूची भावंडे शेजारी ठेवली की नाते दिसते. इंग्रजीतल्या ‘लॉ’, ‘बिल’, ‘कॉन्स्टिट्यूशन’मध्ये ते दिसत नाही. माझा आक्षेप परक्या शब्दाला दार बंद करण्याच्या आग्रहाला आहे. तो संस्कृतने स्वतः कधी पाळला? वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’त राशींची क्रिय, तावुरि, जितुम अशी ग्रीकवरून आलेली नावे सापडतात. त्यांच्या जोडीला मेष, वृषभ, मिथुन ही भाषांतरेही आहेत. तिथे भाषांतरे जिंकली. उसनी नावे पोथीत राहिली. ‘केंद्र’ मात्र ग्रीक ‘केन्ट्रॉन’चाच अवतार. ‘मध्य’ हाताशी असताना तो आला, विभक्ती घेतली, समासांत बसला, आणि आज शुद्धीचे कट्टर पुरस्कर्तेही ‘केंद्रीय’ लिहिताना अडखळत नाहीत.

सुट्या शब्दांचे इतके, तर वाक्प्रयोगांचे काय? वामन शिवराम आपट्यांनी 1881 मध्ये संस्कृत वाक्यरचनेचे मार्गदर्शक पुस्तक दिले आणि इंग्रजी-संस्कृत कोश त्यानंतर, 1884 मध्ये. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. इंग्रजी ‘थँक यू’साठी आज संस्कृत संभाषणात ‘धन्यवादः’ सर्रास चालतो. शब्द निर्दोष आहे, पण ते नुसते नाम आहे. कोणी कोणाला काय केले, ते त्यात नाही. नाटकातले पात्र म्हणते, ‘अनुगृहीतोऽस्मि’. स्त्री असेल तर ‘अनुगृहीतास्मि’, अनेक असतील तर ‘अनुगृहीताः स्मः’. आभार मानायला तोंड उघडण्याआधी इथे आपण कोण आणि किती, हे ठरवावे लागते. ‘धन्यवादः’ला यातले काही लागत नाही, आणि संभाषणात रुळला आहे तो तोच.