रिकाम्या जागेचे व्याकरण : संकेतस्थळावरील स्वयंचलित पत्रांच्या मराठी साच्यांची चिकित्सा

प्रस्तावना :

महाविद्यालयाच्या, महानगरपालिकेच्या अथवा एखाद्या संशोधनपत्रिकेच्या संकेतस्थळावर अर्ज भरला की काही क्षणांत ई-मेलने एक पत्र येते. पत्राच्या शेवटी अधिकाऱ्याचे पदनाम असते; परंतु ते पत्र त्या वेळी कोणीही लिहिलेले नसते. मजकूर आधीच तयार असतो आणि नाव, दिनांक, गाव, अर्जाचा प्रकार अशा मोजक्या रिकाम्या जागा संगणक भरून देतो. संगणकीय परिभाषेतील ‘टेम्प्लेट’ या शब्दासाठी मराठीत ‘साचा’ हा शब्द रूढ झाला आहे. हे साचे बहुधा मूळ इंग्रजीत असतात. मात्र संकेतस्थळाच्या व्यवस्थापकाला त्यांतील मजकूर बदलण्याची सोय अनेक प्रणालींत दिलेली असते. ही सोय तांत्रिक बाब मानली जात असल्यामुळे तिचा विचार संगणक विभागापुरता राहतो आणि भाषेच्या अभ्यासकाचा तिच्याशी संबंध येत नाही.

संस्थेकडून नागरिकाला वा विद्यार्थ्याला मिळणारे पहिले, आणि कित्येकदा एकमेव, पत्र हेच असेल तर ते समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवता येणार नाही. प्रस्तुत लेखात साच्याकडे एक लेखनप्रकार म्हणून पाहिले आहे. मराठी साच्यांचा मुख्य दोष शब्दांच्या भाषांतरात नसून रिकाम्या जागेच्या व्याकरणात आहे, आणि त्या दोषावरील उपाय मराठी कार्यालयीन लेखनाच्या परंपरेतच उपलब्ध आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

वारजे : एका नामाची कसोटी

पुण्याच्या नैर्ऋत्येस मुठा नदीलगत वसलेले वारजे हे गाव १९९७ मध्ये पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत समाविष्ट झाले. मुंबई–बंगळूरू महामार्गाचा बाह्यवळण रस्ता या भागातून जातो. गावाचे उपनगर झाले, तसे त्याचे नाव अर्जांच्या, देयकांच्या आणि संदेशांच्या रिकाम्या जागांतून वावरू लागले. व्याकरणदृष्ट्या हे नाव उद्बोधक आहे. ‘तळे–तळ्यात’, ‘पुणे–पुण्यात’, ‘ठाणे–ठाण्यात’ या एकारान्त नपुंसकलिंगी नामांप्रमाणे ‘वारजे’ या नामाचे सामान्यरूप ‘वारज्या’ असे होते. म्हणून ‘वारज्यात’, ‘वारज्याहून’, ‘वारज्याला’ ही रूपे सिद्ध होतात. शब्दयोगी अव्यय लावतानाही ‘वारज्यामध्ये’ असेच म्हणावे लागते.

आता उदाहरणादाखल पुढील साचा पाहावा : ‘आपण [गाव]मध्ये नोंदवलेली [प्रकार] प्राप्त झाली आहे.’ चाचणी घेताना गावाच्या जागी ‘धायरी’ किंवा ‘कात्रज’ आणि प्रकाराच्या जागी ‘तक्रार’ हा शब्द घातला, तर वाक्य निर्दोष दिसते व साचा मंजूर होतो. परंतु त्याच जागी ‘वारजे’ आणि ‘अर्ज’ हे शब्द आले की ‘आपण वारजेमध्ये नोंदवलेली अर्ज प्राप्त झाली आहे’ असे वाक्य तयार होते. ‘निवेदन’ हा शब्द आला तर तिसरेच वैगुण्य निर्माण होते. इंग्रजी वाक्यात नाम बदलले तरी ‘मिळाले’ या अर्थाचे क्रियापद लिंगानुसार बदलत नाही. मराठीत एका नामाच्या बदलाने विशेषण, क्रियापद आणि सहायक शब्द या सर्वांचे रूप बदलते; अर्ज नोंदवलेला असतो, तक्रार नोंदवलेली असते आणि निवेदन नोंदवलेले असते. सामान्यरूपाचा परिणाम तर नामाच्या अंतरंगापर्यंत पोहोचतो. ‘नागपूर’मधील दीर्घ ऊकार ‘नागपुरात’ होताना ऱ्हस्व होतो. दादोबा पांडुरंग यांच्या १८३६ मधील व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ मधील ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत ज्या विकारांची चर्चा झाली, तेच विकार इंग्रजी वाक्यरचनेवर बेतलेल्या रिकाम्या जागेत बसत नाहीत.

हा दोष किरकोळ शुद्धलेखनाचा आहे, असा आक्षेप येऊ शकतो. परंतु छापील पुस्तकातील चूक एका आवृत्तीपुरती असते. साच्यातील चूक प्रत्येक पत्रागणिक पुन्हा उमटते आणि संस्थेच्या अधिकाराने उमटते. ‘वारजेमध्ये’ हे रूप अधिकृत पत्रातून वारंवार वाचल्यावर तेच प्रमाण वाटू लागते आणि ‘वारज्यात’ हे रूप ग्राम्य ठरते. गावाच्या रहिवाशांच्या तोंडी असलेले शुद्ध रूप अशा रीतीने अशुद्ध ठरावे, ही भाषिक अन्यायाची बाब आहे.

मायन्याची परंपरा आणि तिची मर्यादा

ठरीव मजकुराचे पत्र ही मराठीला नवी गोष्ट नाही. यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याच्या नावाशी परंपरेने जोडलेली ‘मेस्तक’ ही लेखनपद्धती कोणास कसे लिहावे याचे दंडक सांगते. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेला ‘राज्यव्यवहारकोश’ हा कारभारातील शब्दयोजना राज्यकर्त्याच्या धोरणाचा विषय असल्याचे दाखवतो. पुढील काळात ‘राजमान्य राजश्री’ने आरंभ व ‘हे विनंती’ने शेवट हा क्रम दृढ झाला. कौटुंबिक पत्रांत ‘तीर्थरूप’, ‘चिरंजीव’, ‘सा. न. वि. वि.’, ‘लोभ असावा’ ही शब्दावली अगदी अलीकडच्या पिढीपर्यंत शाळेतून शिकवली गेली.

या मायन्यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांतील निवड नात्यावर अवलंबून होती. लिहिणाऱ्याला लेखणी उचलण्यापूर्वीच समोरची व्यक्ती वयाने, मानाने व संबंधाने कोण आहे हे ठरवावे लागे. तथापि या परंपरेचे उदात्तीकरण करणे योग्य नाही. विवाहितेस ‘सौभाग्यवती’ आणि विधवेस ‘गंगा भागीरथी’ लिहिणारा मायना स्त्रीची ओळख पतीच्या असण्या-नसण्यावर ठरवत होता. मानाच्या पायऱ्या या बहुतांशी जातीच्या व सत्तेच्या पायऱ्या होत्या. त्या तुलनेत सर्वांना एकच संबोधन वापरणारे आजचे स्वयंचलित पत्र अधिक समतावादी आहे, हे मान्य करावे लागते. मात्र ही समता विचारपूर्वक आलेली नसून इंग्रजी संबोधनाच्या भाषांतरातून आली आहे. म्हणूनच ‘प्रिय’ या जिव्हाळ्याच्या शब्दाने आरंभ करून पुढच्याच ओळीत अर्ज नामंजूर केल्याचे कळवणारे आणि एकाच परिच्छेदात ‘आपण’ व ‘तुम्ही’ यांची सरमिसळ करणारे पत्र निर्माण होते.

छापील नमुना आणि खोडण्याची रेघ

मायना आणि संगणकीय साचा यांच्यामधील दुवा म्हणजे कार्यालयातील छापील नमुना. त्यात ‘श्री./श्रीमती/कु.’ असे पर्याय छापलेले असत आणि ‘लागू नसेल ते खोडावे’ अशी सूचना असे. लिपिक लेखणीने दोन पर्याय खोडत असे. ही एक रेघ क्षुल्लक भासली तरी ती मारण्यासाठी पत्र कोणाला जात आहे याची क्षणभर तरी दखल घ्यावी लागे. स्वयंचलित साच्यात तिन्ही पर्याय तसेच राहिले की पत्र ‘श्री./श्रीमती’ या जोडनावाने सर्वांना जाते. छापील नमुना जसाच्या तसा संगणकावर उतरवताना नमुना आला. खोडणारा हात मात्र मागे राहिला.

याच छापील नमुन्याने मराठीला एक महत्त्वाची युक्ती दिली आहे. रिकाम्या जागेत कोणते नाव येईल हे ठाऊक नसल्यामुळे जुन्या लिपिकांनी प्रत्यय थेट नामाला न लावता पुढील सर्वनामाला अथवा अव्ययाला लावला. ‘श्री. ______ यांस’, ‘मौजे ______ येथील’, ‘______ या गावी’ या रचनांत नाम मूळ रूपातच राहते व वाक्यही शुद्ध राहते. ‘वारजे येथे’ हा प्रयोग ‘वारज्यात’ इतका बोलका नसला तरी ‘वारजेमध्ये’ इतका सदोष नाही. प्रकाराच्या बाबतीतही ‘आपल्याकडून प्राप्त : [प्रकार]’ अशी नोंदवजा रचना करता येते, किंवा प्रत्येक प्रकारासाठी स्वतंत्र वाक्य लिहिता येते. टेबलावरील कागदासाठी शोधलेला उपाय पडद्यावरील पत्रालाही तितकाच लागू पडतो.

तंत्रज्ञानाच्या मर्यादेची सबबही पूर्णतः टिकत नाही. भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशात रोमन लिपीची १६० अक्षरचिन्हे मावतात, तर देवनागरीतील संदेशासाठी ही मर्यादा ७० वर येते. ‘वारज्यात’ हा डोळ्यांना चार अक्षरांचा दिसणारा शब्द तेथे आठ चिन्हांचा ठरतो. तेथील काटकसर समजण्यासारखी आहे. ई-मेलला मात्र असे बंधन नाही. शिवाय विकिपीडियाचा आधार असलेल्या मीडियाविकी या प्रणालीत लिंग, वचन व विभक्ती यांनुसार संदेशाचे शब्द बदलण्याची योजना आहे आणि फिन्निशसारख्या विभक्तिबहुल भाषेसाठी तिचा उपयोग केला गेला आहे. म्हणजेच प्रश्न यंत्राच्या क्षमतेचा नसून मागणी करणाऱ्याच्या जाणिवेचा आहे.

संशोधनपत्रिका : कोणाचे मत?

महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या निकटचे उदाहरण संशोधनपत्रिकांचे आहे. पब्लिक नॉलेज प्रोजेक्ट या उपक्रमाने विकसित केलेली ‘ओपन जर्नल सिस्टिम्स’ ही मुक्त प्रणाली जगभरातील पत्रिकांत वापरली जाते. लेख मिळाल्याची पोच, परीक्षणाची विनंती, मुदतीची आठवण आणि संपादकीय निर्णय या प्रत्येक टप्प्यासाठी तीत तयार पत्र असते व ते बदलता येते. परीक्षणाच्या मूळ इंग्रजी विनंतीपत्रात संबंधित व्यक्ती उत्कृष्ट परीक्षक ठरेल असा संपादकाला विश्वास असल्याचे म्हटलेले असते. हे वाक्य कोणतीही निवड होण्यापूर्वीच लिहिलेले असल्याने तो विश्वास कोणाचाही नसतो. लेख नाकारल्याच्या पत्राचीही हीच स्थिती आहे. तरुण संशोधकाच्या कित्येक महिन्यांच्या श्रमाला मिळणारे उत्तर संपादकाने एक शब्दही न जोडता पाठवले, तर तज्ज्ञपरीक्षण ही विद्वानांमधील संवादाची प्रक्रिया न राहता नोंदवहीतील शेरा बनते. साच्यात संपादकाच्या स्वतःच्या दोन ओळींसाठी जागा राखणे आणि ती भरल्याशिवाय पत्र पाठवू नये असा संकेत पाळणे, एवढ्या साध्या बदलाने ही उणीव दूर होऊ शकते.

साचा आणि हक्क

शासकीय सेवांच्या संदर्भात साच्याला कायदेशीर वजन प्राप्त होते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अर्जदाराला अर्जाची पोच मिळणे, अर्ज फेटाळल्यास त्याची कारणे लेखी मिळणे आणि अपिलाची माहिती मिळणे आवश्यक आहे. प्रथम अपील सामान्यतः ३० दिवसांच्या आत करावयाचे असते. ‘काही कारणास्तव आपला अर्ज नाकारण्यात आला आहे’ हे वाक्य भाषेच्या दृष्टीने निर्दोष असले तरी त्यात कारणाची रिकामी जागाच नाही. तेथे साच्यातील उणीव ही हक्कातील उणीव ठरते. स्थानिक प्राधिकरणांच्या कारभारात मराठीचा वापर अनिवार्य करणारा कायदा २०२२ मध्ये झाला. परंतु मराठी लिपीत असणे आणि मराठी वाचकाला कळणे यांत अंतर आहे. ते अंतर अधिनियमाने नव्हे, काळजीपूर्वक केलेल्या लेखनाने कमी होईल.

याच संदर्भात ‘या पत्रास उत्तर देऊ नये’ या तळटीपेचा विचार करावा लागतो. जुन्या पत्राचा शेवट उत्तराची अपेक्षा ठेवून होत असे. आजचे स्वयंचलित पत्र वाचकाशी बोलते आणि त्याच वेळी त्याला बोलण्यास मनाई करते. उत्तर स्वीकारणारा पत्ता, जबाबदार कर्मचाऱ्याचे पदनाम आणि दूरध्वनी यांचा उल्लेख असल्यास यंत्राने पाठवलेले पत्रही संस्थेचे पत्र राहू शकते.

निष्कर्ष :

स्वयंचलित पत्राचा साचा एकदाच लिहिला जातो आणि असंख्य वेळा वाचला जातो. म्हणूनच तो इतर कोणत्याही कार्यालयीन लेखनापेक्षा अधिक काटेकोरपणे लिहिला पाहिजे. तयार साचा न बदलणे हादेखील निर्णयच असतो व त्याची जबाबदारी संस्थेवरच येते. मराठी साचा रचताना प्रत्यय नामाला न जोडता ‘येथे’, ‘यांना’, ‘या’ अशा शब्दांना जोडणे, लिंगभेदाने बिघडणाऱ्या वाक्यांना स्वतंत्र पर्याय देणे, संबोधनाची निवड अर्जदारालाच विचारणे, आणि नकाराच्या पत्रात कारण व पुढील मार्ग यांसाठी जागा ठेवणे ही किमान पथ्ये होत. महाविद्यालयांतील मराठी विभागांनी आपल्या संस्थेचे साचे तपासण्याचे काम हाती घेतल्यास उपयोजित मराठीच्या अध्यापनालाही प्रत्यक्ष क्षेत्र मिळेल. अशा तपासणीत साचा ‘धायरी’ आणि ‘तक्रार’ घालून पाहणे पुरेसे नाही. ‘वारजे’, ‘नागपूर’, ‘अर्ज’ आणि ‘निवेदन’ हे शब्द घातल्यावरही जो साचा वाक्य म्हणून टिकतो, तोच मराठी साचा म्हणण्यास पात्र आहे.